पाच आठवडे, तीन मासे, एक छोटी होडी : मार्थाज व्हिन्यर्डच्या डर्बीत उतरायचं तर

मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिण किनाऱ्यासमोर मार्थाज व्हिन्यर्ड नावाचं बेट आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथल्या एडगरटाउन गावात, धक्क्याजवळच्या एका छोट्या खोलीचं दार रोज दोनदा उघडतं : सकाळी 8 ते 10 आणि रात्री 8 ते 10. बाहेर मासे घेऊन माणसं रांगेत उभी असतात. त्यात सुतार असतात, शिक्षक असतात, गुडघ्यापर्यंत वाळू लागलेली शाळकरी पोरं असतात. आत तराजू आणि भिंतीवर आघाडीवर असलेल्यांचा फळा. ही डर्बी, म्हणजे मासेमारीची स्पर्धा, 1946 पासून चालू आहे.

मी देवगडची. आजोबांबरोबर खडपावर बसून गरी टाकायला शिकले, आणि लग्नानंतर बॉस्टनजवळ आले तेव्हा इथल्या समुद्राची ओळख या डर्बीनंच करून दिली. आमची होडी 18 फुटांची आहे. नवरा सुकाणूवर, मी पुढं फ्लायची काठी घेऊन उभी. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेलं हलकं, नकली आमिष. पहिल्यांदा उतरताना जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथं लिहिते आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि होडी असलेल्या (किंवा मित्राकडं होडी असलेल्या) मराठी मंडळींना ते थेट उपयोगी पडेल. बाकीच्यांनी त्यातलं पाण्याबद्दलचं घ्यावं.

हीच स्पर्धा का

खाऱ्या पाण्यातल्या बड्या स्पर्धा म्हणजे मार्लिनच्या, म्हणजे भाल्यासारखं तोंड असलेल्या खोल समुद्रातल्या मोठ्या माशाच्या. तीस मैल आत जाणाऱ्या मोठ्या बोटी, चार-पाच जणांचा ताफा, लाखो डॉलरांची बक्षिसं. छोट्या होडीवाल्याला तिथं जागा नाही. डर्बीचा घाट वेगळा आहे. ती एका दिवसाची नाही, पाच आठवड्यांची आहे. सकाळी बंदूक वाजली आणि शंभर होड्या सुटल्या, असं काही होत नाही. वारा वाईट असेल तर घरी बसा, उद्या जा. छोट्या होडीसाठी यापेक्षा मोठी सवलत कुठलीच नाही, कारण आपल्याला बुडवते ती घाई.

होडीतून पकडलेले, किनाऱ्यावरून पकडलेले आणि फ्लायवर पकडलेले मासे वेगवेगळ्या विभागांत मोजले जातात. मुलांचे आणि ज्येष्ठांचे विभाग निराळे. रोजची बक्षिसं असतात आणि पाच आठवड्यांची एकूण बक्षिसंही. शेवटी प्रत्येक माशाच्या विजेत्यांना एकेक किल्ली मिळते. त्यातली ज्याची किल्ली कुलपाला लागेल त्याला मोठं बक्षीस : गाडी किंवा बोट. म्हणजे सर्वांत मोठा मासा पकडूनही शेवटचा कौल नशिबाचा. मला हे आवडतं. त्यामुळं पैशासाठी जीव टाकणारी माणसं इथं कमी येतात.

पूर्वी चार मासे मोजले जायचे : पट्टेरी बास, ब्लूफिश, बोनिटो आणि फॉल्स अल्बाकोर, ज्याला सगळे लाडानं 'अल्बी' म्हणतात. पट्टेरी बासचा साठा 1980च्या दशकात कोसळला तेव्हा डर्बीनं तो मासा काही वर्षं वगळला होता. अलीकडं साठ्याची तब्येत पुन्हा बिघडली आणि तो पुन्हा वगळला गेला. ज्या माशावर स्पर्धेचं नाव उभं राहिलं, तोच बाजूला ठेवायला धैर्य लागतं. आता उरले तीन. फ्लायवाल्यांचं सगळं लक्ष त्यातल्या अल्बीवर असतं आणि हा लेखही मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

नोंदणी आणि नियम : आधी हे, मग काठी

राज्याचा खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना 16 वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेकांना लागतो. रहिवासी असा वा पाहुणे, 10 डॉलर लागतात. साठी ओलांडलेल्यांना तो फुकट आहे. तो कॅलेंडर वर्षाचा असतो, म्हणून सप्टेंबरात काढला तरी डिसेंबरअखेर संपतो. डर्बीची नोंदणी वेगळी आणि ती पाण्यात दोरी टाकण्याआधी झालेली हवी. मासा मिळाल्यावर नोंदणी करू, हे चालत नाही. नोंदणीचा बिल्ला टोपीला लावून टाका, म्हणजे शोधावा लागत नाही.

मग त्या वर्षाचं नियमपत्रक घ्या आणि खरोखर वाचा. कुठल्या माशाची किमान लांबी किती, हद्द कुठपर्यंत, फ्लाय विभागात काय चालतं, हे सगळं त्यात असतं आणि ते बदलतं. राज्याचे लांबीचे आणि संख्येचे नियम त्याहून वेगळे असू शकतात. दोन्हींपैकी जो कडक असेल तो पाळा.

नियम वाचा असं मी का बजावते, त्याची दोन उदाहरणं मोठ्या स्पर्धांतली आहेत. 2023 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या बिग रॉक स्पर्धेत 'सेन्सेशन' नावाच्या बोटीनं 619.4 पौंडांचा निळा मार्लिन आणला. वजनात तो पहिला होता. पण शार्कनं त्याचा लचका तोडलेला होता, आणि असा जखमी मासा नियमात बसत नाही. तो बाद झाला आणि तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम हातची गेली. 2016 साली मेरीलँडच्या व्हाइट मार्लिन ओपनमध्ये 28 लाख डॉलरांचं बक्षीस अडकलं, कारण विजेत्या पक्षाला खोटं पकडणाऱ्या यंत्राची चाचणी पार करता आली नाही आणि सकाळी साडेआठच्या आधी दोऱ्या पाण्यात होत्या असा आक्षेप होता. दोन्ही वेळा मासा मोठाच होता.

आपल्या पातळीवर हेच नियम बारीक रूपात येतात. मासा लागल्यावर काठी दुसऱ्याच्या हातात देऊ नका. नवरा, भाऊ, मुलगा कुणीही असो, मासा जवळ येईपर्यंत त्यानं काठीला किंवा दोरीला हात लावायचा नाही. आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेचे, म्हणजे आयजीएफएचे, नियम जगभर पायाभूत मानले जातात. त्यांच्या फ्लायच्या नियमात लीडरमधला (दोरी आणि फ्लाय यांच्यामधल्या तंगुसातला) सर्वांत कमजोर तुकडा, ज्याला क्लास टिपेट म्हणतात, किमान 15 इंच मोकळा हवा. दातांपासून वाचवणारा जाड तुकडा गाठींसकट 12 इंचांपेक्षा लांब नको. होडी गिअरमध्ये ठेवून फ्लाय मागं ओढत नेणं बाद. ती फेकायची आणि हातानं ओढायची. मी प्रत्येक लीडर याच मापानं बांधते. मग कुठल्याही स्पर्धेत कुणी फूटपट्टी लावली तरी धास्ती नाही.

होडी, प्रवाह, वारा

इथले मूळ रहिवासी असलेल्या वाम्पानोग लोकांनी या बेटाला दिलेलं नाव 'नोपे'. त्याचा अर्थ सांगतात तो असा : प्रवाहांच्या मधली जमीन. नाव ठेवणाऱ्यांना पाणी कळत होतं.

व्हिन्यर्ड साउंडमध्ये, म्हणजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पट्ट्यात, भरतीचा प्रवाह पूर्वेकडं वाहतो आणि ओहोटीचा पश्चिमेकडं. काही जागी त्याचा वेग 3 नॉटपर्यंत जातो. कोकणातल्या माणसाची इथं पहिली चूक होते ती अशी : आपल्याला पाणी चढलं की उतरलं एवढं बघायची सवय. इथं पाण्याची पातळी आणि प्रवाहाची दिशा एकाच वेळी बदलत नाहीत. किनाऱ्यावर पूर्ण भरती दिसत असताना मधला प्रवाह अजून जोरात वाहत असू शकतो. म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टक पुरत नाही, प्रवाहाचं कोष्टक वेगळं बघावं लागतं. याच बेटावरच्या व्हिन्यर्ड हेवनशी नातं असलेलं एल्ड्रिजचं भरती-ओहोटी पुस्तक 1875 पासून दरवर्षी निघतं, आणि त्यात प्रवाहाचे तासातासाचे नकाशे आहेत. फोनवरचं ॲप आहेच, पण ओल्या हातानं उघडता येतं ते पुस्तक.

आता यात वारा मिळवा. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा, आणि दुपारी तो चढतो. ओहोटीचा प्रवाह त्याच्या तोंडावर जातो. वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा उंच होण्यापेक्षा उभ्या होतात, जवळजवळ येतात, आणि 18 फुटांच्या होडीला श्वास घ्यायला जागा राहत नाही. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी दोनला असं होतं, आणि तुम्ही तोवर पाच मैल पुढं आलेले असता. माझा नियम असा : अंदाज 15 नॉटचा असेल, म्हणजे ताशी साधारण 28 किलोमीटर, तर साउंडमध्ये जायचंच नाही. आणि जायचं तर परतीच्या वेळी वारा आणि पाणी एकाच दिशेला असतील असं बघून.

बेटाच्या पश्चिम टोकाला, ॲक्विनाच्या कड्याखाली डेव्हिल्स ब्रिज नावाची पाण्याखालची खडकांची रांग आहे. 18 जानेवारी 1884च्या पहाटे 'सिटी ऑफ कोलंबस' हे वाफेचं जहाज त्यावर आदळलं आणि 103 माणसं गेली. आज तिथं अल्बी आणि बास उत्तम मिळतात. पहिल्या वर्षी तिथं जाऊ नका. दुसऱ्या वर्षी जा, शांत दिवशी, जागा माहीत असलेल्या माणसाबरोबर.

होडीत असायलाच हव्यात अशा गोष्टी : प्रत्येकासाठी अंगात घालायचं लाइफ जॅकेट, होडी 16 फूट किंवा मोठी असेल तर फेकायचं तरंगतं साधन, धोक्याचे दिवे किंवा मशाली, शिट्टी किंवा भोंगा, आणि व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल 16 वर. फोनच्या भरवशावर राहू नका. 26 फुटांखालच्या मोटरच्या होडीवर वेगात असताना चालकानं इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवायची, हा 1 एप्रिल 2021 पासून संघराज्याचा कायदा आहे. कयाकवाल्यांनी नीट लक्षात ठेवावं : मॅसॅच्युसेट्समध्ये 15 सप्टेंबर ते 15 मेपर्यंत कयाक आणि कनूमध्ये लाइफ जॅकेट अंगात घातलेलंच हवं, जवळ ठेवलेलं चालत नाही. ऑक्टोबरात पाणी 15-16 अंशांवर उतरतं. आपण अरबी समुद्रात वाढलेली माणसं. पाणी माणसाची ताकद दहा मिनिटांत काढून घेऊ शकतं, हे आपल्याला अंगवळणी नसतं.

होडी ट्रेलरवर घालून मुख्य भूमीवरच्या वुड्स होलहून सुटणाऱ्या फेरीबोटीनं न्यायची तर गाडीचं आरक्षण महिनोन् महिने आधी करा. प्रवास पाऊण तासाचा, पण सप्टेंबरातही जागा नसते. मुख्य भूमीवर फॅल्मथ बाजूला होडी पाण्यात उतरवून साउंड ओलांडून जाणं हा दुसरा मार्ग. अंतर थोडं आहे, पण मघाशी सांगितलेलं सगळं त्या थोड्या अंतरातच आहे. बेटावर उतरवायचं असेल तर लगून पाँड आणि कटामा इथले उतार छोट्या होडीला सोयीचे.

काठी, रीळ, तंगूस, फ्लाय

अल्बी म्हणजे आपल्या गेदरचा सख्खा चुलतभाऊ. कोकणच्या समुद्रात पावसाळ्यानंतर पृष्ठभागावर उसळणारा जो छोटा कुपा दिसतो, त्यातली एक जात आणि अल्बी एकाच कुळातल्या. सहा पौंडांचा मासा गळाला लागला की शंभर यार्ड दोरी एका दमात घेऊन जातो. सामग्री त्याच्यासाठी जुळवा. ब्लूफिश आणि बोनिटो त्यातच निभतात.

काठी 9 फूट, 9 किंवा 10 वजनाची (हा काठीला साजेशा दोरीच्या जाडपणाचा क्रमांक, काठीचं वजन नव्हे). आठ चालते, पण वाऱ्यात फेकताना दहाची किंमत कळते. रिळावर किमान 200 यार्ड मागची दोरी. फ्लायची दोरी हळू बुडणारी, ज्याला इंटरमीडिएट म्हणतात, शक्यतो पारदर्शक. ती लाटांच्या खाली राहते, तरंगत्या दोरीसारखी वाऱ्यानं वाकत नाही. लीडर 8-9 फुटांचा, शेवटचा तुकडा 12 ते 16 पौंडांच्या फ्लुरोकार्बन तंगुसाचा. अल्बीचे डोळे फार तीक्ष्ण, म्हणून जाड तंगूस बघून तो परततो. उलट ब्लूफिश असेल तर हेच तंगूस दातांनी कापून जाईल. त्याच्यासाठी तारेचा छोटा तुकडा वेगळ्या काठीवर तयार ठेवा. घाईत बदलायला जाऊ नका.

गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी आवळलेली गाठ तापते आणि तिथंच तुटते. रिळाचा ताण, म्हणजे ड्रॅग, अंदाजानं लावू नका. दोरीला हातातला छोटा तराजू अडकवून ओढा. 12 पौंडांच्या तंगुसाला 3 ते 4 पौंडांवर रीळ सुटलं पाहिजे. मी पहिल्या वर्षी हे बोटांनी ठरवलं आणि मोसमातला सर्वांत मोठा अल्बी पहिल्याच धावेत तंगूस तोडून गेला. त्या संध्याकाळी वजनाच्या खोलीत नुसती बघायला गेले होते.

फ्लाय छोट्या : दीड ते तीन इंच. इथं अल्बी जे खातात ते सिल्व्हरसाइड आणि बे अँचोव्ही हे बोटभर मासे. आपल्या मांदेलीसारखे दिसतात, डोळा आणि चमक एवढंच. बॉब पॉपोविक्स यांची सर्फ कँडी, बॉब क्लाउझर यांची क्लाउझर मिनो, लेफ्टी क्रे यांची डिसीव्हर : या तिघांत भागतं. डब्यात शंभर फ्लाय असण्यापेक्षा या तीन प्रकारांत दोन मापं आणि दोन रंग (पांढरा-ऑलिव्ह, पांढरा-गुलाबी) असले की पुरे. दुकानदाराला हे पटणार नाही.

एक गोष्ट छोट्या होडीत विसरली जाते. ओढून घेतलेली दोरी पायात पडते आणि क्लीट (दोर बांधायची खुंटी), बूट, पेट्रोलची नळी, जे मिळेल त्याला अडकते. पुढच्या भागावर ओला टॉवेल किंवा जाळी पसरा, किंवा कमरेला दोरीची टोपली बांधा. माझ्या अनुभवात फ्लायवर गमावलेल्या दर दोन माशांतला एक अडकलेल्या दोरीमुळं गेलेला आहे.

पाण्यावर : धावू नका

आता मुख्य गोष्ट. अल्बी वर येतात, पाणी उकळल्यासारखं करतात, दहा-पंधरा सेकंदांत खाली जातात, आणि दोनशे मीटरवर पुन्हा वर येतात. बघणाऱ्याच्या अंगात येतं. इंजिन पूर्ण जोरात, होडी थव्याच्या मधोमध, मासे गायब. मग पुढच्या थव्याकडं. सकाळभर हा खेळ करणाऱ्या दहा होड्या रोज दिसतात, आणि त्या फक्त स्वतःचं नाही, सगळ्यांचं पाणी बिघडवतात.

आम्ही दोन वर्षं धावलो. तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या बेटवासीयाला बघितलं. ॲल्युमिनियमची जुनी होडी, इंजिन बंद, एकाच जागी तासभर. त्यानं तीन अल्बी घेतले, आम्ही शून्य. त्यानंतर आमची पद्धत पुढीलप्रमाणं झाली.

आधी जागा. उथळ वाळूच्या पट्ट्यावरून प्रवाह खाली उतरतो तिथं पाणी फुटतं, त्याला इथं रिप म्हणतात. मिडल ग्राउंड, हेज फेन्स, केप पोग, वास्क ही अशा जागांची नावं. छोटे मासे प्रवाहाबरोबर वाहत येतात, पट्ट्यावर त्यांना वर ढकललं जातं, आणि शिकारी मासे खालच्या बाजूला तोंड प्रवाहाकडं करून थांबतात. म्हणजे मासा कुठं येणार, हे पाण्यानंच सांगून ठेवलेलं असतं.

मग वेळ. प्रवाह बदलल्यानंतरचा दुसरा आणि तिसरा तास मला सर्वांत भरवशाचा वाटतो : पाणी वाहतंय, पण होडी अजून आवरते. पहाट आणि हा तास एकत्र आले तर रजा टाकून जा.

होडी प्रवाहाच्या वरच्या बाजूला, माशांच्या जागेपासून दीडशे मीटरवर आणून इंजिन बंद करा. आता होडी आपोआप खाली वाहत येईल. पुढं उभं राहून फ्लाय हातात, साठ फूट दोरी आधीच काढलेली. मासे वर आले तर थव्यात फेकू नका. ते कुणीकडं सरकतायत ते बघा आणि त्यांच्या पुढं, कडेला टाका. सुरय पक्षी मदत करतात : नुसते फिरत असतील तर दुर्लक्ष, सगळे एका दिशेला मान वळवून खाली उतरू लागले तर त्यांच्या पुढं बघा. वारा पाठीमागून येईल अशी होडी लावता आली तर फेक लांब जाते. ते बघणं सुकाणूवरच्या माणसाचं काम आणि खरं सांगायचं तर अर्धा मासा त्याचा असतो. आमच्या घरात हे वाक्य मी दरवर्षी म्हणते आणि मनापासून म्हणते.

फ्लाय पडली की काठी काखेत दाबा आणि दोन्ही हातांनी दोरी भरभर, अखंड ओढा. थांबून थांबून ओढलं तर अल्बी संशय घेतो. मासा लागला की काठी वर उचलायची नाही. दोरी घट्ट होईपर्यंत ओढत राहा, मग पायातली सगळी दोरी सुटून रिळावर येईपर्यंत नजर दोरीवर. माशाकडं बघायला नंतर वेळ आहे.

दुसरी होडी आधीपासून वाहत असेल तर प्रवाहाच्या खालच्या बाजूनं, तिच्या वाटेत जाऊ नका. वळसा घेऊन तिच्या मागं रांगेला लागा. हा लिखित नियम नाही, पण बेटावर तुमचं नाव कसं होणार ते यावर ठरतं.

धावून वेळ घालवायचा नसेल आणि होडीही नसेल, तर लॉब्स्टरव्हिलच्या किनाऱ्यावर किंवा मेनेमशाच्या दगडी बांधावर उभं राहा. फ्लायवाल्यांची तिथं पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट आहे.

मासा जवळ आला : आता निर्णय

काठी बाजूला, पाण्याला समांतर ठेवून ओढा. उभ्या काठीनं मासा थकत नाही, फक्त खोल जातो. शेवटी अल्बी होडीखाली गोल फिरतो. तो शेवटचा फेरा लांबवू नका. शेपटीच्या मुळाशी घट्ट हात घातला तर झेल्याची गरज नाही. तिथं त्याला मूठ बसते.

मासा मारायचा की सोडायचा, हे तो वर येण्याआधी ठरलेलं पाहिजे. सकाळी निघताना फळ्यावरचे आकडे लिहून घ्या. रोजच्या बक्षिसात किंवा एकूण यादीत बसणार नसेल तर त्याला वजनाच्या खोलीत नेण्यात अर्थ काय? तराजू नसताना वजनाचा जुना हिशेब उपयोगी : तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी इंचांत, सर्वांत जाड जागी घेर इंचांत, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 800, उत्तर पौंडांत. 28 इंच लांब आणि 17 इंच घेर असेल तर 17 गुणिले 17 म्हणजे 289, त्याला 28 नं गुणून 8,092, आणि 800 नं भागून 10.1 पौंड, म्हणजे साधारण 4.6 किलो. शिंप्याची टेप होडीच्या कडेला चिकटवून ठेवली तर दहा सेकंदांत काम होतं. फळ्यावर तिसरा मासा 12 पौंडांचा असेल तर हा 10.1वाला सोडायचा.

आणि सोडायचा तो नीट. अल्बीच्या कल्ल्यांत पाणी पोचतं ते त्याच्या पोहण्यामुळं. थांबला की गुदमरतो. बाकीच्या माशांसारखं त्याला पाण्यात धरून पुढं-मागं हलवत बसू नका. दोन्ही हातांनी धरून डोकं खाली, भाल्यासारखा जोरानं पाण्यात सोडा. त्या वेगानंच कल्ल्यांत पाणी शिरतं आणि तो निघतो. फोटो घ्यायचा तर एकच, आणि तोही कॅमेरा आधी तयार असेल तर. ब्लूफिशच्या तोंडात बोट घालू नका, गळ पक्कडीनंच काढा. त्याचे दात मरणाच्या दारातही चावतात.

ठेवायचा ठरला तर डोक्यावर एक नेमका ठोसा, आणि लगेच बर्फ व समुद्राच्या पाण्याच्या खिचडीत. सकाळी 11 ला पकडलेला मासा रात्री 8 पर्यंत थांबणार असतो. नुसत्या बर्फावर ठेवला तर तो सुकतो आणि वजन घटतं. अर्धा औंसही कधीकधी रोजचं बक्षीस नेतो. रक्त काढलं की वजन जातं, न काढलं की मांसाची चव जाते. बोनिटो असेल आणि यादीत बसत नसेल तर मी तो खाण्यासाठी ठेवते, लगेच रक्त काढते, आणि घरी कोकम-तिरफळ घालून तिखलं करते. अल्बीचं मांस गडद आणि उग्र. इथले बहुतेक लोक तो खात नाहीत. म्हणूनच तो जास्त जपून सोडावा असं मला वाटतं. मोठा मिळाला म्हणून आधीचा मेलेला मासा पाण्यात टाकणं कधीच करू नका, कुणी बघत नसलं तरी.

वजनाच्या खोलीत

रांगेत उभं राहताना मासा ओल्या गोणपाटात. बिल्ला दाखवा, कुठल्या विभागात आणि फ्लायवर की नाही ते आधी सांगा, माशाला तराजूवर ठेवल्यावर विभाग बदलता येत नाही असं समजूनच चला. फ्लाय आणि लीडर काठीवर तसेच बांधलेले आणा. कुणी विचारलं तर दाखवता येतात. कुठं पकडला हे विचारतील. बेटाचं नाव सांगितलं की पुरे, नेमकी जागा कुणी सांगत नाही आणि कुणी सांगावी अशी अपेक्षाही नसते.

इथं मासे कापण्याची सोय आहे, आणि दिलेल्या माशांचे तुकडे बेटावरच्या वृद्धांना वाटले जातात. आमचा ब्लूफिश आम्ही नेहमी तिथंच देतो.

रात्री घरी आल्यावर, झोपेआधी, वहीत पाच गोष्टी लिहा : प्रवाह बदलल्याची वेळ, मासे दिसल्याची वेळ, वाऱ्याची दिशा, पाण्याचं तापमान, आणि माशाच्या पोटात किंवा पाण्यात काय खाद्य दिसलं. रीळ गोड्या पाण्यानं धुवा, ड्रॅग सैल करून ठेवा. लीडरचा शेवटचा दोन फुटांचा तुकडा कापून नवीन बांधा, तो चांगला दिसत असला तरी. मग उद्याचं प्रवाहाचं पान उघडा.